पेडण्यातल्या आमच्या होमस्टेच्या वेबसाइटसाठी शंभर लिंक विकत घ्याव्यात का?

नको, पैसे वाचवा. दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका पाहून गूगल शोधात तुमची जागा ठरवतं, पण त्यांची नुसती मोजदाद करत नाही. लिंक देणाऱ्या पानाला स्वतःला कोण लिंक देतं, हेही पाहतं. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची १९९८ची पेजरँकची, म्हणजे लिंकांवरून पानाचं महत्त्व ठरवण्याची, कल्पना मुळात हीच. त्यात पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या लिंकांत वाटलं जायचं. म्हणजे तीनशे लिंकांच्या यादीत तुमचं नाव आलं, तर वाट्याला चिमूटभरच.

दुसरं म्हणजे विषय. मोरजीच्या कासवांवर लिहिताना कुणी ओघात ‘पेडण्यात राहायला घरगुती सोय’ या शब्दांवर तुमची लिंक दिली, तर ती सोन्यासारखी. त्या शब्दांवरून पान कशाबद्दल आहे तेही गूगलला कळतं. तीच लिंक पानाच्या तळाशी कोंबलेली असेल, तर वाचक क्वचितच दाबतो.

विकतच्या लिंका गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. २०१२च्या ‘पेंग्विन’ या गूगलच्या शोधातल्या बदलाने अशा कित्येक साइट खाली ढकलल्या. आता बऱ्याचदा त्या सरळ दुर्लक्षिल्या जातात, म्हणजे पैसे पाण्यात. जाहिरातीची लिंक घ्यायचीच, तर तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (ही पैसे देऊन घेतलेली लिंक आहे, असं गूगलला सांगणारी) खूण लावून घ्या. रँकिंग वाढणार नाही, पण पाहुणे येतील.