खेळ चालू आहे, मग मुलगा गप्प का?

“गेमचा सर्व्हर बंद झाला म्हणून आमचा मुलगा सुतक असल्यासारखा बसून आहे, हे व्यसनच म्हणायचे ना?” हा प्रश्न थोड्याफार फरकाने बरेच पालक विचारतात. त्याचे उत्तर मी एका कुटुंबाच्या हकिकतीतून देते. ओळख पटू नये म्हणून तिच्यातील तपशील बदलले आहेत.

नाशिककडची एक आई पहिल्या भेटीला एकटीच आली होती. मुलगा बारावी सायन्सला होता. 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना तो माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून घरे-वस्त्या बांधण्याचा खेळ खेळू लागला आणि पुढे काही खेळाडूंनीच मिळून चालवलेल्या एका सर्व्हरवर, म्हणजे अनेकांनी इंटरनेटवरून एकत्र खेळायच्या सामायिक जगात, रुळला. तो सर्व्हर आता बंद झाला होता. तेव्हापासून मुलगा क्लासला जाऊन येई, पण जेवताना अर्ध्या पोळीवर उठे आणि रात्री उशिरापर्यंत जागाच असे. वडिलांनी पहिल्याच रात्री “सुंठीवाचून खोकला गेला” असे म्हणून समाधान व्यक्त केले होते आणि त्यानंतर मुलगा त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होता.

आईने गेमिंग डिसऑर्डरबद्दल वर्तमानपत्रात वाचले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली आणि तिच्यात हा विकार खरोखरच नोंदवलेला आहे. मात्र खेळण्यावरचा ताबा सुटणे, खेळ बाकी सगळ्याच्या पुढे जाणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे आणि त्यापायी घर, शिक्षण किंवा नातेसंबंध यांची लक्षणीय हानी होणे, हे चित्र साधारणपणे वर्षभर दिसल्याशिवाय ते निदान करत नाहीत. केवळ तास मोजून ते होत नाही. या मुलाचे गुण घसरलेले नव्हते, क्लासची वेळ झाली की तो स्वतःहून उठत असे आणि गावच्या जत्रेला गेला की चार दिवस लॅपटॉपची आठवणही काढत नसे.

मी आईंना विचारले, “आता तो काय खेळतो?”

“काहीच नाही हो मॅडम. लॅपटॉपला हातसुद्धा लावत नाही.”

या उत्तरातच बरेचसे निदान होते. माइनक्राफ्ट हा खेळ बंद झालेला नाही. तो करणारी स्वीडनमधील मोजांग ही कंपनी 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि खेळ आजही जगभर चालू आहे. सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळत असल्याने कोणीही महिन्याच्या भाड्याने संगणकाची जागा घेऊन आपले जग उभे करू शकतो आणि अशी असंख्य जगे कोणत्याही क्षणी खुली असतात. मुलाला खेळाचीच ओढ असती, तर त्याच रात्री त्याने दुसरा सर्व्हर गाठला असता. त्याने खेळणेच सोडले होते, म्हणजे त्याचे जे गेले ते खेळापेक्षा वेगळे काही होते. आईंचे बालपण मुंबईत चाळीत गेले होते, म्हणून मी त्यांना म्हटले की चाळ पुनर्विकासाला गेली तर मुंबई शिल्लकच असते, पण रहिवासी कुठे कुठे पांगतात. त्यांना हे पटले, पण अर्धवटच. “पण चाळीतली माणसे खरी होती,” असे त्या म्हणाल्या. त्यांचा हा आक्षेप मी मोडून काढला नाही, कारण त्याचे उत्तर मुलाकडूनच यायला हवे होते.

पुढच्या भेटीत मुलगा आला. “काही झालेले नाही, आई उगाच टेन्शन घेते,” एवढे बोलून तो थांबला. सर्व्हर किती तास चालायचा, कधी बंद झाला, असे काहीही न विचारता मी त्याला विचारले, “तिथे तुझे काम काय होते?” मग तो तासभर बोलला. तो तिथला मॉड, म्हणजे शिस्त राखणारा खेळाडू होता. कोणाचे घर कोणी पाडले, कोणाच्या पेटीतून हिरे गेले, अशा तक्रारी त्याच्याकडे येत. कोणी कोणता ठोकळा कधी फोडला याची नोंद ठेवणाऱ्या प्लगइनमध्ये, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅममध्ये, तो शोध घेई, दोन्ही बाजू ऐकून घेई आणि निवाडा देई. त्याने तिथे मनमाड जंक्शनसारखे एक स्थानक बांधले होते आणि तिथून निघणारे रूळ सगळ्यांच्या वस्त्यांपर्यंत नेले होते. ज्या मुलाला घरी गुणांखेरीज कोणी काही विचारत नव्हते, त्याच्याकडे तिथे वयाने मोठी माणसे न्याय मागायला येत होती.

सर्व्हर बंद होण्यामागे काही कट नव्हता. तो चालवणारा तरुण विद्यार्थी असताना काही जणांकडून यूपीआयने भाडे गोळा करी. नोकरी लागल्यावर त्याला वेळ पुरेना, खेळाची नवी आवृत्ती आली की प्लगइन बिघडत आणि वर्गणीवरून कटकटी होत. त्याने आठवडाभर आधी सूचना दिली. शेवटच्या रात्री सगळे स्थानकात जमले, त्यांनी आतषबाजी केली आणि मग पडद्यावर ‘सर्व्हर क्लोज्ड’ ही अक्षरे आली. त्याच रात्री डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचा त्यांचा गटही पुसला गेला. माझ्या मते खरा घाव तो होता, कारण बहुतेकांची खरी नावे आणि फोन नंबर मुलाला ठाऊकच नव्हते. पहिले काही दिवस तो सर्व्हरची यादी उघडून त्या नावाखाली ‘कान्ट कनेक्ट टू सर्व्हर’ ही लाल अक्षरे पाहत असे आणि मग त्याने तेही सोडले.

अमेरिकेतील शोकविषयक तज्ज्ञ केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखाविषयी लिहिले, ज्याला समाज दुःख मानायलाच तयार नसतो, माणूस रडतो आणि भोवतालचे विचारतात, “यात रडण्यासारखे काय आहे?” अशा वेळी मूळ दुःखावर लाजेची भर पडते. हे केवळ पोरवय असल्यामुळे घडते असेही नाही. ‘उरू’ नावाचा ऑनलाइन खेळ 2004 च्या फेब्रुवारीत कंपनीने बंद केला, तेव्हा त्याच्या खेळाडूंचे गट, ज्यांत चाळिशी ओलांडलेली माणसे बरीच होती, सेकंड लाइफसारख्या दुसऱ्या आभासी जगांत एकत्र गेले आणि तिथे त्यांनी आपल्या जुन्या जगातील वास्तूंच्या प्रतिकृती बांधल्या. सेलिया पिअर्स या अभ्यासिकेने त्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. ही हकिकत ऐकताना मुलगा पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, “म्हणजे काकालोक पण?”

मी त्याला माणसांची यादी करायला सांगितली: खेळातले नाव, त्याच्याबद्दल ठाऊक असलेली एखादी गोष्ट आणि त्याला सांगायचे राहून गेलेले काही. यादी चांगली लांब झाली, पण त्यातल्या सहा-सात जणांशीच जिवाचे नाते होते हे लिहिताना त्याच्याच लक्षात आले. दोघांचे नंबर होते, त्यांच्यामार्फत आणखी काही जण सापडले. उरलेले सापडले नाहीत, आणि “बघ, सगळे मिळतील” असा खोटा दिलासा मी त्याला दिला नाही. सर्व्हर चालवणाऱ्या तरुणाला त्याने एक पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यात नुसता राग होता, दुसऱ्यात आभारही आले. उत्तरादाखल त्या तरुणाने त्या जगाची जपून ठेवलेली प्रत पाठवली.

अशी प्रत आपल्या संगणकावर एकट्याने उघडता येते. रूळ, घरे, पेट्यांतले सामान सगळे जागच्या जागी असते, फक्त तिथे कोणी नसते. एकट्याने पाहिले तर त्रास वाढू शकतो, म्हणून घरातले कोणीतरी शेजारी बसावे असे मी सुचवले होते. आई बसल्या. त्याने त्यांना रेल्वेने सगळ्या वस्त्यांतून फिरवून आणले आणि कोण कुठे राहायचे ते सांगितले. नंतर आईंनी मला फोनवर सांगितले की एका घरापाशी तो थांबला. त्या घरातल्या मुलीने टाळेबंदीत आजी गेल्याचे सगळ्यांत आधी याला कळवले होते. चाळीतल्या खऱ्या माणसांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वडिलांना मी माफी मागायला लावले नाही. जेवताना एकदा त्या स्थानकाविषयी विचारा, एवढेच सांगितले. त्यांनी विचारले ते असे: “मनमाडला फलाट किती दाखवलेस?” चुकीच्या संख्येवरून दोघांचा चांगला वाद झाला, आणि त्या वादात मुलगा दोन पोळ्या जेवला.

मात्र प्रत्येक मुलाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. आठवडे लोटूनही झोप आणि भूक परतत नसेल, मुलगा शाळा किंवा क्लास टाळत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा करत असेल, तर कारण गेम असो वा आणखी काही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. या आईंचा शेवटचा प्रश्न होता, “तो दुसरा सर्व्हर शोधतोय, जाऊ देऊ का?” मी म्हटले, जाऊ द्या, पण या वेळी मित्रांचे फोन नंबर सुरुवातीलाच घ्यायला सांगा आणि त्यातले जवळ राहणारे कोणी असेल, तर एकदा घरी जेवायला बोलवा.