स्टॅलियनची किंमत बापाच्या नावावर ठरते का? संडे सायलेन्स, रझीन आणि माझे आजोबा

तुमचा प्रश्न असा आहे: आम्ही पाच मित्र मिळून एका तरुण रेसच्या घोड्यात शेअर घेतोय, त्याचा बाप बाहेरून आणलेला नावाजलेला स्टॅलियन (पैदाशीचा घोडा) आहे, घरातले मोठे म्हणतात बापाचं नाव बघा, बाकी काही बघू नका, तर रेस संपल्यावर स्टॅलियनची ब्रीडिंगमधली किंमत नक्की कशावर ठरते, खानदानावर की रेकॉर्डवर?

"बापाचं नाव बघा" हे वाचलं आणि ऐरोलीला उतरायचं ते घणसोलीपर्यंत गेलो. हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय. सरळ सांगतो, फक्त बापाचं नाव बघून घोडा घेणारा माणूस अर्धाच घोडा बघतो.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे होते. माण तालुक्यातून आलेले, आयुष्य तबेल्यात गेलं. पहाटे चारला उठून खरारा, मालिश, ट्रॅकवर नेणं-आणणं, पायाला पट्ट्या बांधणं, घोड्याने चारा टाकला की यांनाही जेवण जायचं नाही. आणि माझे काका (वडिलांचे थोरले भाऊ) नौपाड्यात राहणारे, चांगल्या नोकरीतले, रेसचे शौकीन. सीझनमध्ये दर रविवारी ठाण्याहून दादर, दादरहून महालक्ष्मी, रेसचं पुस्तक बगलेत. पेडिग्री तोंडपाठ. म्हणजे एकाच रेसकोर्सवर एक आमचा माणूस रेलिंगच्या आत आणि एक बाहेर.

साधारण २००० सालची गोष्ट, मी नववीत होतो, फेब्रुवारीतला पहिला रविवार म्हणजे इंडियन डर्बीचा दिवस, काकांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. त्यांच्या ऑफिसातले तीन-चार जण होते. मी इतका खूष होतो की आदल्या रात्री झोपलोच नाही, कारण आजोबा घोडा घेऊन पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी) येणार हे मला माहीत होतं. डर्बीच्या आधीची कुठलीतरी रेस होती. आजोबा आले, इस्त्रीचा शर्ट, दंडाला नंबर, हातात लगाम, आणि तो घोडा त्यांच्या खांद्याला तोंड घासत चाललेला. मी "आजो" एवढंच ओरडलो असेन तेवढ्यात काकांनी माझा खांदा असा दाबला की अजून आठवतोय. बाजूच्या मित्राने विचारलं, ओळखीचे आहेत का? काका म्हणाले, नाही हो, पोरगं घोडे बघून पिसाळलंय. आजोबा आमच्यापासून सहा-सात फुटांवर होते. त्यांनी ऐकलं. मान वळवली नाही, पुढची फेरी त्यांनी आतल्या बाजूने घेतली.

त्या रेसमध्ये आजोबांचा घोडा चौथा आला आणि काकांनी लावलेला जिंकला. तो रझीनचा मुलगा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रझीन म्हणजे नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, १९९० च्या इंग्लंडच्या एप्सम डर्बीत फेवरिट म्हणून धावला आणि कुठच्या कुठे मागे राहिला, पुढे भारतात उषा स्टड या पैदाशीच्या फार्मला आला आणि वर्षानुवर्षं इथला चॅम्पियन सायर झाला, म्हणजे ज्याची पिल्लं सगळ्यात जास्त कमावतात तो बाप. काकांचा देव. त्या रात्री नौपाड्यात सगळ्यांना मटण. आई वाढत होती आणि काका वडिलांना म्हणाले, "बघितलंस? बाप बघून लावला होता. घोडासुद्धा आई-बाप बघितल्याशिवाय कोणी घेत नाही, आपल्या घरात तेवढंच बघायचं राहून गेलं." वडील ताटाकडे बघत राहिले. आईने काकांच्या ताटात भाकरी वाढली आणि आत गेली.

पुढच्या सुट्टीला आजोबा आमच्याकडे कळव्याला आले तेव्हा मी हे सगळं सांगून टाकलं, रडलोच. ते काकांबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बुकात बापाचं नाव पयलं छापत्यात. पन शिंगरू सा म्हैने कुनाच्या मागनं पळतंय? आईच्याच ना?"

हे डोक्यात बसलं, आणि पुढे संडे सायलेन्सबद्दल वाचलं तेव्हा वाटलं की आजोबांना हा घोडा दाखवायला हवा होता.

१९८६ ला केंटकीत जन्मलेला, काळा, सडपातळ, मागचे पाय गुडघ्यात आत वळलेले. बाप हेलो, नावाजलेला. आई विशिंग वेल, तिच्या खानदानात फॅशनेबल नावं नाहीत म्हणून लोकांनी नाक मुरडलं, ती बाई स्वतः डझनभर रेस जिंकलेली होती तरी! लहानपणी जुलाबाच्या साथीत मरता मरता वाचला. वर्षाचा असताना विक्रीला काढला तर बोली १७ हजार डॉलरवर अडली, ज्याच्या फार्मवर तो वाढला त्या आर्थर हॅनकॉकने स्वतःच घेतला. दोन वर्षांचा असताना कॅलिफोर्नियात परत विक्री, ३२ हजार, परत तेच. तिथून घरी येताना ड्रायव्हरला हार्ट अटॅक येऊन गाडी उलटली, त्यातूनही वाचला. मग ट्रेनर चार्ली व्हिटिंगहॅमने त्यात अर्धी भागीदारी घेतली आणि १९८९ ला या नको असलेल्या घोड्याने केंटकी डर्बी मारली, प्रीकनेस मारली (नाकभर फरकाने), बेलमाँटला ईझी गोअरकडून आठ लेंग्थने (आठ घोड्यांच्या लांबीने) हरला आणि शेवटी ब्रीडर्स कप क्लासिकला त्याच ईझी गोअरला मानेच्या अंतराने हरवून हॉर्स ऑफ द इयर झाला. ईझी गोअर म्हणजे अलिडारचा मुलगा, दोन्हीकडून खानदानी, सगळ्यांचा लाडका. संडे सायलेन्स एकूण १४ रेस धावला, ९ जिंकला, ५ मध्ये दुसरा. दुसऱ्याच्या खाली आयुष्यात कधी आला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा मुद्दा. एवढा रेकॉर्ड असून तो रिटायर झाल्यावर अमेरिकेत त्याचे शेअर घ्यायला ब्रीडर, म्हणजे पैदास करणारे, पुढे येईनात. कारण काय, तर आईकडची बाजू. शेवटी जपानच्या झेन्या योशिदांनी एक कोटी डॉलरच्या वर देऊन होक्काइदोला नेला. अमेरिकेतल्या लोकांना वाटलं बरं झालं गेला. १९९५ ला त्याची पहिलीच पिल्लं तीन वर्षांची झाली आणि जपानची डर्बी त्यातल्याच तायासु त्सुयोशीने जिंकली. त्या वर्षापासून २००७ पर्यंत सलग १३ वर्षं संडे सायलेन्स जपानचा नंबर एकचा सायर, म्हणजे २००२ ला तो खुराच्या दुखण्याने गेला त्यानंतरही पाच वर्षं. सहा मुलांनी जपान डर्बी जिंकली. त्यातला डीप इम्पॅक्ट २००५ ला एकही रेस न हरता ट्रिपल क्राउन (तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या रेस) घेऊन गेला, पुढे स्वतः ११ वर्षं चॅम्पियन सायर, आणि त्याच्या शेवटच्या पिल्लांतला ऑगस्ट रोडिन २०२३ ला एप्सम डर्बी जिंकला. ज्या घोड्याच्या आईला नावं ठेवली त्याचा नातू इंग्लंडची डर्बी घेऊन गेला, बोला आता.

तर किंमत कशी ठरते. सुरुवातीला रेकॉर्ड, खानदान आणि दिसणं या तिन्हींवर, आणि खरं सांगायचं तर बाजारात कशाची हवा आहे त्यावर. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष घोड्याने घोडीवर जायला लागतं, त्यामुळे एका सीझनला घोड्या मोजक्याच. मग ११ महिने गाभणपण, मग शिंगरू दोन-तीन वर्षांचं होऊन धावायला लागेपर्यंत म्हणजे धरून चाला चार वर्षं, तोपर्यंत सगळे अंदाजावर पैसे देत असतात. पिल्लं जिंकायला लागली की मग ना खानदान कोणी विचारतं ना रेकॉर्ड. डॅन्झिग नावाचा घोडा आयुष्यात तीनच रेस धावला होता, पण सायर म्हणून जगभर नाव झालं. उलट सिगार सलग १६ रेस जिंकलेला, स्टडला गेला आणि तपासणीत निघालं की तो बाप होऊच शकत नाही. तो काय कमी घोडा झाला का? मरेपर्यंत लोक त्याला बघायला केंटकीला जात होते.

आता जे माझ्या विरोधात जातं तेही सांगतो, नाहीतर काका म्हणतील पोरगं अर्धंच सांगतं. हेलो मोठा सायर होता, म्हणजे संडे सायलेन्स काही रस्त्यावरचा घोडा नव्हता. रझीन तर काकांच्याच बाजूचा पुरावा आहे, डर्बी हरला आणि खानदानाने तरला. आणि जपानने संडे सायलेन्सला देशातल्या उत्तमोत्तम घोड्या दिल्या म्हणून त्याची पिल्लं तशी झाली. पण हेच तर मी म्हणतोय ना! अर्धं श्रेय त्या घोड्यांचं, म्हणजे पिल्लांच्या आयांचं आहे, त्यांची नावं किती जणांना पाठ आहेत?

तुम्ही पाच जण शेअर घेताय तर बापाचं नाव बाजूला ठेवून आधी आईचा रेकॉर्ड मागा. ती स्वतः किती धावली, किती अंतराला जिंकली, तिची आधीची पिल्लं कशी निघाली. मग पहाटे तबेल्यात जाऊन जो मोतद्दार त्या घोड्याला सांभाळतो त्याच्याशी बोला, घोडा चारा नीट खातो का, ट्रॅकवरून आल्यावर पाय गरम लागतो का, हे त्याला ट्रेनरच्याही आधी कळतं. त्याला अहो-जाहो करा. ट्रेनिंगचा महिन्याचा खर्च, औषधपाणी, नालबंदी हे सगळं पाच जणांत लिहून घ्या, नुसत्या शब्दावर नको.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, अजून नौपाड्यातच. मागच्या गणपतीत चुलतबहिणीच्या मुलाच्या स्थळाचा विषय निघाला आणि परत तेच, घोडासुद्धा आई-बाप बघून घेतात. या वेळी मी गप्प बसलो नाही. सगळ्यांसमोर त्यांना डीप इम्पॅक्टच्या आईची गोष्ट सांगितली, विंड इन हर हेअर, इंग्लंडच्या ओक्स नावाच्या मोठ्या रेसमध्ये दुसरी आलेली घोडी, १९९५ ला जर्मनीत आराल पोकाल नावाची मोठी रेस जिंकली तेव्हा पोटात शिंगरू होतं तिच्या. म्हटलं काका, तुमच्या पुस्तकात बाप आधी छापतात, पण हे बापाने केलेलं नाही. आणि म्हटलं, त्या दिवशी पॅडॉकमध्ये माझे आजोबा होते, तुम्हाला माहीत होतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. आई मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होती, तिने ते तसंच हातात धरून मला विचारलं, "कितवा महिना होता रे तिला?"