मुलीच्या हातातला प्रवाळाचा तुकडा

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला स्नॉर्केलिंग केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला गाइडनं माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातात प्रवाळाचा तुकडा ठेवला. तेव्हा तो तपकिरी होता. घरी येईपर्यंत घाण वास मारू लागला आणि आता पांढरा पडलाय. परत समुद्रात सोडला तर जगेल का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही, ताई. तो वास आला तेव्हाच ते मेलं होतं. प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण त्यावर हजारो इवले जीव चिकटून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. तो तपकिरी रंग त्याचाच आणि बरंचसं अन्नही तेच पुरवतं. तुमच्याकडे उरलाय तो चुन्याचा सांगाडा.

समुद्रातही प्रवाळ पांढरं पडतं, पण त्याची गोष्ट वेगळी. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे जीव शैवाल बाहेर टाकतात. तेव्हा ते उपाशी असतात, मेलेले नसतात. पाणी वेळेत निवलं तर सावरतात. 1998 साली जगभर असं झालं आणि 2023 पासून पुन्हा. त्या उन्हापुढे मालवणातल्या माणसाचं काही चालत नाही. पाय आणि नांगर मात्र आपल्या हातातले!

मी बावीस वर्षं इथं डायव्हिंग शिकवतो. एकाच खडकाळ पट्ट्यावर दिवसभर होड्या लागतात आणि नांगर सरळ प्रवाळावर पडतो. पोहता न येणारा पाहुणा घाबरला की त्यावरच उभा राहतो. गोल गोट्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. तुमचा तुकडा मुलीच्या वयाचा असेल. फोटोत मासे यावेत म्हणून पाव टाकतात, तेही मला पटत नाही.

हा किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. (त्याला आमच्या मच्छीमारांचा विरोध होता, आजही आहे; तो विषय मोठा आहे.) प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. म्हणून तो तुकडा शोकेसमध्ये ठेवू नका, कुणाला देऊही नका. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन झालं ते खरं सांगा आणि तिथं सुपूर्द करा. अंगठीतल्या पोवळ्याची काळजी नको, ते लाल पोवळं बहुधा भूमध्य समुद्रातलं असतं.

पुढच्या वेळी होडीत बसण्याआधीच विचारा, "नांगर कुठं टाकणार?" वाळूवर किंवा बांधलेल्या बोयाला (होडी बांधायच्या तरंगत्या खुणेला), असं उत्तर आलं तरच बसा. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. लेकीला आधी तलावात तरंगायला शिकवा. तरंगता आलं की पाय खाली टेकावे लागत नाहीत.