दुबईची ऑफर आलीय? आधी बेसिक बघ

अभिनंदन भावा! कुपवाड एमआयडीसीतला फिटर दुबईला निघाला म्हटल्यावर गल्लीभर पेढे वाटले जाणारच. पण पगाराचा आकडा ऐकून हुरळू नको. ऑफर लेटरमध्ये बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार किती, ते बघ. तिथं ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकवरच धरतात. पहिली 5 वर्षं ग्रॅच्युइटी वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकइतकी. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवलं असेल, तर वाढवून माग. राहण्याचा खर्च कुणाकडं, तेही कागदावर पाहिजे.

एजंटचं नाव ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तपास. नियमानं त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात. दीड लाख मागणारे ढीगभर भेटतील, त्यांना सरळ रस्ता दाखव. आणि व्हिजिट व्हिसावर "आधी या, मग बघू" म्हणाले, तर पाऊल उचलू नको. त्यावर काम करणं बेकायदा आहे.