बोर्डाची परीक्षा, बोर्डिंग आणि बोर्डिंग पास

प्रश्न असा आहे: बोर्डाची परीक्षा, बोर्डिंगात राहणारी मुलं आणि विमानाचा बोर्डिंग पास, या तिन्हींतला ‘बोर्ड’ एकच का?

पहिले दोन सख्खे. तिसऱ्याचं कूळ मुळात वेगळं असावं, पण तो या घरात इतका जुना आहे की आता त्याला परका म्हणवत नाही.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. ढाली लाकडीच असत, म्हणून कवी ढालीलाही बोर्ड म्हणत. ९९१ साली इंग्लंडातल्या माल्डनला झालेल्या लढाईवर एक जुनं काव्य आहे. त्यात सरदार ब्यर्टनॉथ शत्रूला उत्तर देताना ‘बोर्ड’ उंचावतो, ती ढाल. गंमत म्हणजे आपले फळा नि फळी ज्या संस्कृत ‘फलक’वरून आले, त्याचाही एक अर्थ ढालच आहे. कोणी कोणाकडून उचललेलं नाही, दोन्हीकडच्या माणसांना फळीआड लपायचं सुचलं इतकंच.

आता जेवण. मध्ययुगीन इंग्लंडात मोठ्या वाड्यांतही जेवणाचं टेबल बहुधा कायमचं मांडलेलं नसे. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवायचं, आणि पंगत उठल्यावर आपण पाट उचलायचो तशा त्या उचलून ठेवायच्या. त्यामुळे फळी म्हणजे टेबल, आणि पुढे टेबलावरचं अन्नही. पैसे देऊन कुणाकडे जेवूनखाऊन राहणारा तो ‘बोर्डर’. म्हणजे ‘बोर्डिंग’चा मूळ भर ताटावर, खाटेवर नव्हे. मराठीत मात्र बोर्डिंग म्हणजे वसतिगृह. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग इतर समाजांच्या मुलांसाठीही बोर्डिंगं निघाली आणि शब्द तिकडे घट्ट रुजला. जेवणासाठी आपण वेगळा शब्द घेतला, ‘मेस’.

पेले मांडायची फळी ती ‘कबर्ड’. त्यावरूनच आपलं ‘कपाट’ आलं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांना बद्रीनाथाचे कपाट उघडल्याची बातमी दाखवावी. कपाट संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. उच्चाराचं साम्य हा निव्वळ योगायोग.

जेवायच्या टेबलाभोवतीच लोक सल्लामसलतीला बसू लागले, आणि बसणाऱ्यांनाच बोर्ड म्हणायची पद्धत पडली. संचालकांचं बोर्ड ते हेच आणि १९६६ मध्ये स्थापन झालेलं, दहावी-बारावीच्या पोरांना धडकी भरवणारं आपलं शिक्षण मंडळही हेच. तेव्हा ‘पोरगी बोर्डात आली’ म्हणजे शब्दशः टेबलात आली! हसू नका. ‘भारताची मधली फळी कोसळली’ असं आपण म्हणतो, तेव्हा कोणी सुताराला बोलावत नाही. आपली फळी रांगेच्या अर्थाने माणसांपर्यंत पोचली, त्यांची टेबलावरून.

राहिला बोर्डिंग पास. इथला ‘बोर्ड’ म्हणजे कड, जहाजाची बाजू. ‘बॉर्डर’ याच्याच नात्यातला, फक्त फ्रेंचातून फिरून आलेला. फळी आणि कड हे दोन शब्द इतक्या लवकर एकमेकांत मिसळले की काही ठिकाणी ते सुटे करणं अभ्यासकांनाही जमत नाही. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजाच्या कडांच्या आत आणि ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे कडेवरून थेट पाण्यात.

जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. तिचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. त्यातला ‘स्टार’ हा ‘स्टिअरिंग’चा भाऊ. जुन्या जहाजांना सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे. ते धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डावी बाजू धक्क्याला लावून उभं करत, आणि चढउतार तिकडूनच होई. डाव्या बाजूला म्हणत ‘लारबोर्ड’. वाऱ्याच्या घोंघाटात ‘स्टारबोर्ड’ की ‘लारबोर्ड’ हे ऐकू येईना, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘लारबोर्ड’ काढून तिथे ‘पोर्ट’ आणला. विमानाला कुठलं आलंय सुकाणूचं वल्हं, पण बोर्डिंग पास दाखवून आपण आत शिरतो ते जवळपास नेहमी डाव्या अंगाच्या दारातूनच.