जुन्या हार्ले आयर्न ८८३ चा स्टार्टर पावसाळ्यात नुसता टकटक करतो. स्टेटर बदलावा की गाडी विकून टाकावी?

आपण लिहिले आहे की गाडी २०१२ ची आहे, आपण तिचे दुसरे मालक आहात, सांगलीत राहता, पाऊस लागल्यापासून बटण दाबले की नुसती टकटक होते आणि वर्कशॉपने स्टेटर (इंजिनाबरोबर वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर (ती वीज बॅटरीला योग्य व्होल्टला देणारा भाग) व बॅटरी हे तिन्ही बदलण्याचा अंदाज हातात दिला आहे. शेवटी आपण विचारले आहे की कंपनीने भारतातला कारभार आवरला, इथल्या मिस्त्रींना या गाडीतले काय कळणार, तेव्हा विकून मोकळे व्हावे का. हे शेवटचे वाक्य मला लागले, म्हणून उत्तर लांबणार आहे.

तिन्ही भाग एकदम बदलायला सांगणाऱ्याने त्यातला एकही भाग तपासलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेटरचा कनेक्टर सोडवून त्याच्या पिना आणि इंजिनचे उघडे धातू यांच्यात मल्टीमीटर लावला की स्टेटर जळून अर्थ झाला आहे का, म्हणजे त्याची तार इंजिनच्या धातूला भिडली आहे का, हे लगेच कळते. तसे असेल तरच बदलायचा. गाडी चालू करून ३००० आरपीएमच्या आसपास बॅटरीच्या टोकांवर १४ ते १४.७ व्होल्ट मिळत असतील, तर स्टेटर आणि रेग्युलेटर आपले काम करीत आहेत. बॅटरी पूर्ण चार्ज करून स्टार्टर मारताना तिचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत नसेल, तर बॅटरीही बरी आहे. या तपासण्यांना एकही भाग विकत आणावा लागत नाही.

माझी ८८३ आपल्या गाडीच्या एक वर्ष आधीची आहे. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात आंबोलीहून परतताना आजऱ्यात चहासाठी थांबलो आणि निघताना तिने हीच टकटक सुरू केली. माझे दाजी बरोबर होते. गाडी कोल्हापुरात माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कारखान्यात नेऊ, असे मी म्हणत होतो. दाजींचे म्हणणे असे की हार्लेला हार्लेचाच माणूस लागतो, उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, हातांनी ती उघडली तर तिची किंमत संपली. ते वयाने मोठे, शिवाय बहिणीचे यजमान, त्यामुळे गाडी टेम्पोत चढली आणि मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये गेली. आपल्याला सांगितले आहेत तेच तीन भाग तिथे बदलले गेले, बिल झाले, गाडी परत आली आणि दिवाळीच्या आधी पुन्हा टकटक करू लागली.

मग ती शिवाजी उद्यमनगरात आली. आबा आयुष्यभर लेथवर उभे राहिले आहेत आणि मोटरसायकल हा त्यांचा विषय नाही. त्यांनी एवढेच विचारले की स्टार्टर किती करंट ओढतो. मी म्हटले, शंभर अँपियर तरी सहज. त्यावर त्यांनी मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरायला लावली आणि बटण दाबायला सांगितले. वाचन एक व्होल्टच्या वर गेले. ते पाव व्होल्टच्या आसपास राहायला हवे होते. अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडणाऱ्या केबलच्या, जोडात एक शतांश ओहम अडथळा असेल, तर शंभर अँपियरला पूर्ण एक व्होल्ट तिथेच खर्च होतो, आणि नुसत्या ओहमच्या पट्टीवर हा अडथळा साध्या मीटरला दिसतही नाही. जोड असा खराब झाला की सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) ओढतो, भार पडताच व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, पुन्हा ओढतो, आणि आपल्या कानाला टकटक ऐकू येते. त्याच जोडातून चार्जिंगही परत येत असल्याने बॅटरी कधीच पुरती भरत नाही. नवी बॅटरी टाकल्यावर गाडी काही आठवडे ठणठणीत का चालते, याचे उत्तर यातच आहे.

अर्थच्या केबलचा दुसरा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, सोडवला तेव्हा त्याच्याखाली अर्धा रंग तसाच होता आणि उरलेल्या भागावर तपकिरी बुरा जमला होता. आबांनी पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासली, खाली दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन चोपडले. पुन्हा मोजले तेव्हा वाचन ०.१५ वर आले होते. त्या दिवसापासून माझ्या गाडीने टकटक केलेली नाही.

माझा खरा राग पुढे आहे. या इंजिनात स्टेटर बदलायचा म्हणजे प्रायमरीचे (इंजिनची ताकद क्लचला देणाऱ्या चेनच्या कप्प्याचे) झाकण काढावे लागते, चेन आणि क्लच बाहेर घ्यावे लागतात. ते सगळे अकारण झाले होतेच, पण झाकणाच्या खालच्या बाजूला चेनचा ताण ठरवणाऱ्या स्क्रूची षटकोनी खाच गोल करून ठेवली होती. ती खाच पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची, सहाची ॲलन की तिच्यात आरामात शिरते आणि जोर लावला की कोपरे खाऊन टाकते. लॉकनट ९⁄१६ इंचाचा, म्हणजे १४.२९ चा; त्यावर पंधराचा पाना चालवल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. नामांकित म्हणवणाऱ्या ठिकाणी इंची पाने वापरले गेले नाहीत, आणि उद्यमनगरात पिढ्यानपिढ्या इंच आणि मिलिमीटर शेजारी-शेजारी नांदत आले आहेत. आबांच्या जुन्या लेथचा लीड स्क्रूच (आटे कातताना हत्यार पुढे सरकवणारा स्क्रू) इंचाचा आहे. त्यांनी जुन्या स्क्रूच्या आट्यांवर गेज ठेवून पाहिले, लेथचे गिअर बदलले आणि ईएन-८ या पोलादाच्या गजातून नवा स्क्रू कातला. ॲलनच्या खाचेऐवजी त्याला पेचकसाची सरळ खाच दिली. तो आजही गाडीत आहे आणि तेलाचा थेंब गळत नाही. दाजी मात्र अजूनही प्रत्येक कार्यात म्हणतात की ही गाडी आता ओरिजिनल राहिली नाही. ओरिजिनल स्क्रूची खाच कोणी घालवली, हे ते कधी विचारत नाहीत.

सर्व्हिस स्वतः करता येते का, हाही आपला प्रश्न होता. येते, आणि जपानी चार सिलिंडरपेक्षा सोपी आहे. १९८६ पासूनच्या या इव्होल्युशन इंजिनाला हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, म्हणजे व्हॉल्व्हचा खेळ तेलाच्या दाबाने आपोआप जुळतो, त्यामुळे टॅपेट सेट करावेच लागत नाहीत. बिलात ‘टॅपेट सेटिंग’ दिसले तर त्या दारात पुन्हा जाऊ नका. इंजिनात २०डब्ल्यू५० तेल घाला, पण पातळी गाडी चालवून गरम झाल्यावरच बघा. तेलाची टाकी वेगळी असल्याने गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल झिरपून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरते, तेल मोजायची काडी कमी दाखवते, माणूस वरून ओततो आणि मग ते जादा तेल एअर फिल्टरमधून बाहेर येते. प्रायमरी आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असते, साधारण एक लिटर. त्यातच क्लच बुडलेला असल्याने कारचे निसरडे तेल तिथे चालत नाही. प्रायमरी चेनचा खेळ थंड इंजिनावर साडेनऊ ते साडेबारा मिलिमीटर ठेवावा, आणि चाक फिरवत चेन जिथे सर्वांत घट्ट लागते त्या जागी तो मोजावा. वर्कशॉपने माझी चेन ढिल्या जागी मोजून ताणली होती. तशी चालवत राहिलो असतो तर बेअरिंगवर भार आला असता.

आपल्या गाडीत आणखी एक सोय आहे. ट्रिपचे बटण दाबून धरून चावी फिरवली, किल स्विच (इंजिन बंद करण्याचा हँडलवरचा स्विच) चालू बाजूला ठेवला, की स्पीडोमीटरच्या छोट्या पडद्यावर साठलेले बिघाडाचे कोड वाचता येतात. तिथे पी०५६२ दिसला तर व्होल्टेज कमी पडल्याची नोंद आहे असे समजा आणि केबलपासून सुरुवात करा.

आता काही गोष्टी दुसऱ्या बाजूनेही सांगायला हव्यात. कंपनी गेली हे अर्धेच खरे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेने इथला कारखाना आणि विक्री आवरती घेतली, पण त्याच वर्षी ऑक्टोबरात हिरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि सुटे भाग त्या वाटेने मिळतात. शिवाय हेच इंजिन २०२२ पर्यंत बनत होते, त्यामुळे भागांचा दुष्काळ पडलेला नाही. प्रत्येक स्थानिक मिस्त्री चांगला असतो असेही माझे म्हणणे नाही; ज्याच्याकडे इंची पाने, टॉर्क्सचे (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे) बिट आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नाही, त्याला हात लावू देऊ नका. क्लच हबच्या नटाचे आटे उलटे आहेत हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून प्रायमरी उघडून घेऊ नका. आणि स्टेटर खरोखरच अर्थ झालेला निघाला, तर तो बदलावाच लागेल. तिथे माझी अर्थची केबल कामाची नाही.

विकण्याबद्दल सांगायचे तर, आत्ता विकू नका. टकटक ऐकून घेणारा तिन्ही भागांचे पैसे किमतीतून कापून मागेल. आधी दोन्ही केबलींची टोके साफ करा, स्टार्टर मारताना निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह अशा दोन्ही बाजूंचे वाचन घ्या, आणि ते आकडे इथे खाली लिहा. पुढचे त्यावरून सांगता येईल.