पाहिल्याशिवाय रेघ ओढू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तो राग तुझ्यावरचा नव्हताच. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

भूगोल घेऊन चूक केली का, असं तू विचारलेलं नाहीस, ते बरं केलंस. तुला हा विषय मनापासून आवडतो, त्यावर शाई घालवायला नको. तुझा पेच वेगळा आहे. शेवटच्या वर्षी फील्डवर्कचा पेपर सोडावा आणि त्याजागी प्रोग्रॅमिंगचा आणखी एक पेपर घ्यावा, असं तुझ्या मनात आहे. फील्डवर्कला ‘स्कोप’ नाही, तीन आठवडे उन्हातान्हात मोजमापं घेऊन बायोडेटात एक ओळसुद्धा वाढत नाही, असं तू लिहितोस. अगदी हेच शब्द तुझ्या वयात मी बोलले होते. पेपर मी सोडला होता, आणि तेव्हा सगळ्यांनी मला व्यवहारी म्हटलं होतं.

आधी नोकऱ्यांचं बोलू. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती जोडणं, आणि रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं, तुला माहीतच आहे. त्यापलीकडे शहर नियोजन, वाहतूक, पाणी व्यवस्थापन, आपत्ती व्यवस्थापन, पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन, जनगणना, साथरोगांचा अभ्यास. विमा कंपन्यांना पूर आणि वादळाच्या जोखमीचे नकाशे लागतात. पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवायला वारा आणि उतार दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो. दुकानांच्या साखळ्यासुद्धा नवी शाखा काढण्याआधी रस्ते आणि लोकवस्ती अभ्यासतात. आणि शाळेत भूगोल शिकवणं ही हरलेल्याची नोकरी आहे असं तुझ्या घरी म्हणतात ना, ते खोटं आहे; मला या विषयात ज्यांनी आणलं ते शाळेतलेच शिक्षक होते. ही सगळी कामं ‘कुठे’ आणि ‘तिथेच का’ या दोन प्रश्नांवर चालतात, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खुर्चीत बसून मिळत नाही.

आता माझी गोष्ट, कारण त्याशिवाय तुला माझा हट्ट कळणार नाही.

शिक्षण संपल्यावर मी नकाशे करणाऱ्या एका संस्थेत लागले. हात चांगला होता, संगणक लवकर आला, भराभर वर गेले. काही वर्षांनी एका नदीकाठच्या पूररेषेचं, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते नकाशावर दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. मुदत कमी होती. मी अंतराळयानाच्या रडारने केलेलं उंचीचं मॉडेल घेतलं. फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांच्या एका मोहिमेत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली, तेच ते. आमच्या हाती तेव्हा ९० मीटरचा चौकोन होता, म्हणजे ९० मीटर लांब-रुंद तुकड्याला एकच उंची. शिवाय ते रडार झाडी आली की शेंड्यांच्या आसपासच अडकतं, दाट वस्तीत छपरांवर. ही सगळी माहिती मला पाठ होती. परीक्षेत यावर प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मिळवले असते.

संगणकात त्या मॉडेलवर पाणी सोडलं, ते उतारावरून खाली गेलं, मी पूररेषा ओढली. एक वस्ती रेषेच्या बाहेर राहिली. सुरक्षित.

त्या वस्तीच्या खालच्या अंगाला रस्त्याचा भराव होता. आठ-दहा मीटर रुंद, दोन माणसं उंच. ९० मीटरच्या चौकोनात तो विरघळून गेला होता. पाण्याला जायला त्या भरावाखाली एकच मोरी होती आणि ती अर्धी गाळाने भरलेली होती. दोन वर्षांनी पूर आला तेव्हा भराव धरणासारखा आडवा राहिला, पाणी मागे फुगलं आणि रात्रीत वस्तीत शिरलं. कुणाचा जीव गेला नाही. पण घरं गेली, जनावरं गेली.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती पुरानंतर. कुंपणाच्या तारांना काडीकचरा अडकलेला होता, झाडांच्या बुंध्यांवर एका उंचीपर्यंत गाळ वाळला होता. एका म्हातारीने दाराच्या चौकटीवर तळहात टेकवला, म्हणाली, “हितवर.” चौकटीवर त्याच्याही वर आणखी एक डाग होता, जुना, फिकट. तो तिच्या लग्नाच्या वर्षीच्या पुराचा. मग तिने विचारलं, “बाई, नकाशा केला तेव्हा तुम्ही इथं आला होता का?”

तो जुना डाग मी पूररेषा ओढली तेव्हाही तिथेच होता. मोरीतला गाळ त्या दिवशी डोळ्यांना दिसला असता. अर्ध्या दिवसाचा प्रवास होता, रे.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही.

यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आता मॉडेलं पुष्कळ बारीक झाली, विमानातून लेझर सोडून हातभर उंचीचा फरक टिपता येतो. खरं आहे. पण मोरी वरून दिसत नाही, आणि तिच्यातला गाळ तर नाहीच. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून जगात कुणालाही फुकट मिळतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची चित्रंही फुकट. चित्र मिळवणं अवघड होतं तेव्हा चित्र मिळवणाऱ्याला किंमत होती. आज ते कुणाकडेही आहे. हा हिरवा ठिपका पीक आहे की दलदलीतलं गवत, हे ठामपणे सांगणारा माणूस कमी आहे. ‘स्कोप’ हाच शब्द तुला हवा असेल तर तो तिथे आहे.

१८५४ ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा, ज्याच्या पाण्यातून साथ पसरली तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप, भोवती मृत्यूच्या काळ्या खुणा. वर्गात तो नकाशा अशा थाटात दाखवतात की जणू खुणा मांडल्या आणि उत्तर आपोआप वर आलं. तसं झालं नाही. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला. छापील नकाशा आला तो पुढच्या वर्षी. स्नो त्याआधी घरोघर फिरला होता. पंपाजवळच्या एका आश्रयगृहात ५३५ माणसं राहत होती, त्यातली फक्त ५ कॉलऱ्याने गेली. का? त्यांची विहीर वेगळी होती. जवळच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिथल्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून रोज मागवून घ्यायची. हे कुठल्या खुणेतून कळलं असतं? दार वाजवावं लागलं.

माझ्या नियमाविरुद्ध एक उदाहरण आहे आणि ते मी लपवणार नाही. मेरी थार्प, अमेरिकेतली भूवैज्ञानिक. उत्तर अटलांटिक महासागराच्या तळाचा नकाशा तिने टेबलाशी बसून काढला, मध्यातल्या पर्वतरांगेला उभी चिरणारी दरी तिनेच ओळखली, आणि १९५७ साली तो नकाशा छापून आला तेव्हा ती समुद्र मोजायच्या एकाही मोहिमेवर गेलेली नव्हती. ती बाई असल्यामुळे तिला जहाजावर घेत नसत! तिच्या समोरचा खोलीचा एकेक आकडा कुणीतरी समुद्रावर जाऊन मोजलेला होता, आणि ते आकडे कुठून आले, दोन आकड्यांच्या मध्ये किती पोकळी आहे, याचं भान तिला पक्कं होतं. तिला जाऊ दिलं नाही. तुला पाठवतायत, आणि तू नको म्हणतोयस.

प्रोग्रॅमिंग शिकू नकोस असं मी म्हणत नाही. जरूर शीक. पायथन ही भाषा शीक, नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते रोज उघड. पण ते घरी, रात्री, पुढल्या वर्षीही शिकता येतं. मी पन्नाशीनंतर शिकले. संख्याशास्त्र मात्र वर्गातच नीट शीक. जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा एकमेकींशी जास्त जुळतात, हे टॉब्लर या भूगोलज्ञाने १९७० मध्ये मांडलं. त्याचा उलटा अर्थ लक्षात घे: शेजारशेजारचे शंभर नमुने हे शंभर स्वतंत्र पुरावे होत नाहीत. नमुने कुठून घ्यायचे हे ठरवायलाही आधी जागा चालून पाहावी लागते. झालं, आले मी परत तिथेच.

त्या पुरानंतर जागेवर न जाता केलेल्या एकाही नकाशावर मी सही केली नाही. त्यापायी दोन बढत्या हुकल्या. सोबतचे लोक विभागप्रमुख झाले, मी कामं उशिरा देणारी म्हणून ओळखली गेले. एकदा वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं की प्रत्येक वेळी बाईंना सहलीला का पाठवायचं. मी उत्तर दिलं नाही, ते द्यायला हवं होतं. घरातही बोलणी खाल्ली, ती वर्षं मुलांना मी कमी दिसले. हे सगळं तुला का सांगतेय? कदाचित मीच मला पुन्हा पटवून देतेय. पण पटतं, अजूनही पटतं. सही न केलेल्या त्या नकाशांपैकी तीन ठिकाणी पुढे मी स्वतः गेले आणि तिन्ही ठिकाणी कागदावर नसलेलं काहीतरी सापडलं: एक बुजवलेला ओढा, एक उंचावलेला बांध, आणि एका ठिकाणी आख्खी नवी वस्ती.

पर्याय बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे असं तू लिहिलंस. अर्ज बदलू नकोस, फील्डवर्क राहू दे. जाताना पाण्याने खराब न होणारी वही आणि पेन्सिल ने, शाई पसरते. मातीचा गोळा ओला करून अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबून पट्टी काढून बघ. लांब निघाली तर चिकणमाती, लगेच तुटली तर वाळू जास्त. नदीशी पोचलास की आधी मोजपट्टी काढू नकोस. काठावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार, पाणी कुठवर आलं होतं, आणि त्याचा हात जिथे टेकेल ती उंची जमिनीपासून मोजून लिहून घे. त्या पानाचा फोटो मला पाठव.